पंधरा मिनिटांची भेट

मे १९३५. ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी, हॉटेलच्या लॉबीत न्यूयॉर्कचा एक शेअरदलाल येरझाऱ्या घालत होता. धंद्याचा बेत फसला होता, खिसा रिकामा होता आणि बार हाकेच्या अंतरावर होता. बिल विल्सनची दारू सुटून जेमतेम पाच महिने झाले होते. त्याने बारऐवजी टेलिफोन गाठला आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवत राहिला. त्याला दुसरा एखादा दारुडा हवा होता, पिण्यासाठी नव्हे, बोलण्यासाठी. दुसऱ्या दिवशी बॉब स्मिथ नावाचे सर्जन भेटले. फक्त पंधरा मिनिटं, अशी त्यांची अट होती. दोघे बोलत बसले ते काही तास. डॉक्टरांनी १० जूनला शेवटची दारू घेतली. दारू सोडू पाहणाऱ्यांची 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही संघटना तोच आपला वाढदिवस मानते.

या संघटनेच्या बारा पायऱ्यांत देव आहे, पण ज्याला जसा उमगेल तसा. ही सवलत मिळाली ती सुरुवातीच्या नास्तिक सभासदांच्या आग्रहामुळे. सगुण-निर्गुणाचा वाद मुरलेल्या मराठी माणसाला त्यात नवल वाटू नये. वारकऱ्यांत माळ घातली की दारू-मांस बंद. पण माळेच्या मण्यांइतकीच ताकद दिंडीत असते. गळ्यात माळ दिसली की गाव नजर ठेवतं, आणि सोबतही करतं. एकट्याने मनात घेतलेली शपथ बहुधा शनिवारच्या संध्याकाळपर्यंतच टिकते.

पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा आधार होता. तिथे दाखल होणाऱ्याला 'रुग्णमित्र' म्हणतात आणि बरे झालेले कित्येक जण तिथेच कार्यकर्ते होतात. नव्याने आलेल्याची थाप त्यांच्यापुढे दोन मिनिटंही टिकत नाही. तसल्या सगळ्या थापा त्यांनी स्वतः मारून झालेल्या असतात!

हे सगळं भाबडं वाटणाऱ्यांसाठी: वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या 'कोक्रेन' संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसं होती. दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत बारा पायऱ्यांकडे वळवणारे उपचार इतर प्रचलित उपचारांपेक्षा सरस ठरले. अर्थात रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम सोडू नये. झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. देव्हाऱ्यापुढची शपथ तिथे पुरत नाही.

परदेशातल्या मराठी घरात मात्र अडचण वेगळीच असते. सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणूनच कोणी कोणाला सांगत नाही. नवरा 'ट्रॅव्हल करतोय' असं बायको वर्षभर सांगत राहते. मुलं मित्रांना घरी बोलवायचं बंद करतात. ज्याने सोडली आहे तो दिवाळीच्या स्नेहमेळाव्याला येत नाही, कारण तिथे 'अरे, एक तरी घे' म्हणणारे चार तरी भेटतात. माणसं जोडण्यासाठी मंडळ काढायचं आणि ज्याला माणसांची सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच दाराबाहेर ठेवायचं, हे बरं नाही.

तेव्हा यंदाच्या गणेशोत्सवात आरतीनंतरच्या जेवणाला बार नको. आणि कोणी हातात कोकम सरबताचा पेला घेऊन उभा दिसला, तर त्याला कारण विचारू नका. शेजारची खुर्ची ओढा आणि पंधरा मिनिटं बसा.