शांतता समितीत गर्दी, शाळेच्या समितीत शुकशुकाट

सण जवळ आला की पोलीस ठाण्यातून शांतता समितीच्या बैठकीचा निरोप येतो. आमच्या नेकनूरचे बुजुर्ग झाडून जातात. मीही जातो. ‘पोरं हाताबाहेर गेली’ हे वाक्य दर वेळी ऐकतो. पोरं हातात होती तेव्हा आपण काय केलं, हे कुणी विचारत नाही.

पाच-सहा वर्षांचं पोर वर्गात मारामारी करतं. आपण त्याला ‘वांड’ ठरवतो, दोन ठेवून देतो. घरी ते ओरडतं, आपण त्याहून मोठ्यानं ओरडतो आणि शेवटी कंटाळून हट्ट पुरवतो. पोर शिकतं एवढंच, की मोठ्यानं ओरडणाऱ्याचं चालतं. त्यात आपला बीड जिल्हा ऊसतोडीचा. दिवाळीच्या सुमारास आईबाप निघतात. पोर फडावर जातं, नाहीतर आजीपाशी राहतं. सवयी लागायच्या वयात अर्धं वर्ष असं जातं. यावर छडी हा इलाज नाही.

‘आम्हीही मार खाऊनच घडलो,’ असं सांगतात. मीही खाल्लाय. त्यानं गणित आलं नाही, खोटं बोलणं मात्र आलं.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात 1985च्या सुमारास पहिलीच्या वर्गांत एक खेळ सुरू केला. मुलांचे गट पाडायचे, मोजके नियम ठरवायचे, नियम पाळणाऱ्या गटाला शाबासकी द्यायची. ही मुलं विशीत आल्यावर पाहणी झाली. लहानपणी फार मारामारी करणाऱ्या मुलग्यांत व्यसन आणि समाजविघातक वागणं कमी आढळलं. त्यासाठी लागलं ते शिक्षकांचं प्रशिक्षण आणि चिकाटी.

आपल्याकडे कायदाही आहे. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 मुलांना मारायला आणि त्यांच्या मानसिक छळाला मनाई करतं. कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. त्या बैठकीला आपल्यातले किती जण जातात?

मकतबला हा कायदा लागू नाही, म्हणून तिथली छडी जायज ठरत नाही. हजरत अनस यांनी दहा वर्षं पैगंबरांची खिदमत केली. त्यांना एकदाही ‘उफ्’ ऐकावं लागलं नाही. सुन्नत दाढीपुरतीच आहे का?

बांधवांनो, शांतता समितीला जरूर जा. पण आधी शाळेच्या समितीत बसा. टोळ्या निघण्यापूर्वी आयांची, आज्यांची बैठक घ्या. वर्गातल्या आणि मकतबातल्या छड्या मोडा. अठराव्या वर्षी जामिनासाठी धावण्यापेक्षा सहाव्या वर्षी शाळेत जाणं सोपं आहे.