मल्टिमीटरमधलं ‘भूत’ आणि आईच्या हाताला येणाऱ्या झिणझिण्या

मीटरवर ९४ व्होल्ट दिसले आणि मी आईला ऐटीत सांगितलं, ‘‘काही नाही गं, हे खोटे व्होल्ट आहेत.’’ या वेळच्या लेखात माझ्या त्या चुकीची गोष्ट, आणि मीटरच्या जॅकवर अचानक दिसणाऱ्या व्होल्टेजची थोडी ओळख.

झालं असं की, आई दोन-तीन दिवस म्हणत होती, ‘‘मशीनमधून ओले कपडे काढताना हाताला झिणझिण्या येतात.’’ बाबांचं म्हणणं, हवा दमट आहे म्हणून. मी नुकताच ऑनलाइन एक डिजिटल मल्टिमीटर मागवला होता, त्यामुळे मला निमित्तच मिळालं. एक प्रोब वॉशिंग मशीनच्या पत्र्याला आणि दुसरा नळाच्या तोटीला लावला. आकडा आला ९४. डिजिटल मीटर कधीकधी नसलेलं व्होल्टेज दाखवतो आणि त्याला ‘घोस्ट व्होल्टेज’ म्हणतात, हे मी आदल्याच आठवड्यात वाचलं होतं. झालं, मी निकाल देऊन मोकळी! आई पुढचे आठ दिवस रबरी चपला घालून कपडे काढत राहिली.

मी वाचलेलं चुकीचं नव्हतं, पण ते अर्धवट होतं. उरलेलं अर्धं आता सांगते.

हवेतून आलेला आकडा

मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि प्रोब कशालाही न लावता टेबलावर पडू द्या. बऱ्याच मीटरवर आकडा शून्यावर थांबत नाही, हलत राहतो. भिंतीतल्या वायरिंगजवळ प्रोब नेला तर तो वाढतोही. मीटर बिघडलेला नसतो. आपल्या घरात २३० व्होल्टची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करत असते. तिची एक वायर दुसऱ्या बंद वायरच्या शेजारून गेली, तर वरचं प्लास्टिक मध्ये असूनही अगदी बारीकशी वीज पलीकडे पोचते. स्विच बंद केल्यावरही काही एलईडी बल्ब मंद मिणमिणतात, त्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असतं.

पण जुन्या बल्बला न जाणवणारी ही वीज मीटरला कशी दिसते? कारण व्होल्टवर ठेवलेला चांगला डिजिटल मीटर समोरच्या वायरमधून जवळजवळ काहीच ओढत नाही. त्याचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो. म्हणजे २३० व्होल्टला लावला तरी त्यातून फक्त २३ मायक्रोअँपिअर जातात. १०० वॉटच्या पिवळ्या बल्बचा पेटलेला असतानाचा रोध जेमतेम ५३० ओहम असतो.

ठिबकणाऱ्या नळाखाली रात्रभर ठेवलेली बादली सकाळी भरलेली दिसते, पण म्हणून त्या नळावर घरातल्या चौघांची आंघोळ होत नाही. मीटर फक्त बादली भरलेली आहे एवढंच सांगतो. मागून पाणी किती जोरात येतंय, हे त्याला कळत नाही. म्हणून बंद वायरवरही तो ४०, ८०, कधी १०० च्या वरचा आकडा दाखवू शकतो.

मीटर स्वतःही व्होल्ट देतो

मीटर फक्त मोजतो असं आपल्याला वाटतं. पण डायल ओहम, बझर किंवा डायोडवर नेली की मीटरच्या आतली बॅटरी जॅकवर स्वतःचं व्होल्टेज देते. वस्तूतून थोडी वीज ढकलल्याशिवाय तिचा रोध कळणार कसा? हे व्होल्टेज मीटरप्रमाणे साधारण अर्ध्या व्होल्टपासून ३ व्होल्टपर्यंत असतं.

मुलांना दाखवण्यासारखा एक सोपा, निर्धोक प्रयोग आहे. मीटर डायोडवर ठेवा, छोटा लाल एलईडी घ्या आणि त्याच्या लांब पायाला लाल व आखूड पायाला काळा प्रोब लावा. बहुतेक मीटरवर एलईडी मंद पेटतो. दोन मीटर असतील तर एक ओहमवर आणि दुसरा डीसी व्होल्टवर ठेवून प्रोब एकमेकांना जोडा. पहिल्याच्या जॅकवर किती व्होल्ट आहेत, ते दुसरा सांगेल. घरात आजोबांच्या वेळचा काट्याचा मीटर असेल तर आणखी गंमत. त्यात ओहमवर लाल जॅकला बहुधा ऋण टोक असतं, म्हणजे उलटं!

म्हणूनच चालू विजेवर कधीही ओहम मोजू नये. मीटर स्वतःचे दोन-तीन व्होल्ट देत असताना समोरून २३० आले, तर आकडा चुकतोच, शिवाय स्वस्त मीटर जळूही शकतो.

रिकामा जॅक रिकामा नसतो

साध्या मीटरला तीन जॅक असतात. काळ्या वायरचा ‘कॉम’, लाल वायरचा व्होल्ट-ओहमचा आणि वेगळा ‘१० ए’ चा. यातला तिसरा आपण सहसा वापरत नाही, पण आतमध्ये तो एका जाड तारेच्या तुकड्याने थेट ‘कॉम’ला जोडलेला असतो. स्वस्त मीटरमध्ये मध्ये फ्यूजही नसतो.

याचे दोन अर्थ निघतात. पहिला, काळा प्रोब चुकून फेजला लागला तर त्या रिकाम्या जॅकच्या आतल्या धातूवरही २३० व्होल्ट येतात. दुसरा आणि जास्त भीतीदायक, लाल वायर ‘१० ए’ मध्ये राहिली आणि तुम्ही भिंतीच्या प्लगमधलं व्होल्टेज मोजायला गेलात, तर तुमच्या हातात मीटर नसून सरळ शॉर्ट सर्किट असतं. मोठी ठिणगी उडते आणि प्रोबचं टोक वितळतं.

मग आईच्या झिणझिण्या?

आठ दिवसांनी गीझरच्या कामासाठी वायरमन काका आले. आईने त्यांना मशीनचंही सांगितलं. मी लगेच ‘घोस्ट व्होल्टेज’चं ज्ञान पाजळलं. काका हसले नाहीत. त्यांनी मशीनचा प्लग काढला आणि मला बोर्डावर फेज आणि अर्थिंगच्या मध्ये मीटर लावायला सांगितला. तिथे साधारण २३० यायला हवे होते. माझ्या मीटरवर शंभराच्या वर काहीतरी आलं, पण आकडा स्थिर राहीना. मग त्यांनी होल्डरला लावलेला जुना पिवळा बल्ब काढला. फेज आणि न्यूट्रलमध्ये तो लख्ख पेटला. फेज आणि अर्थिंगमध्ये अंधार.

बोर्ड उघडल्यावर कारण दिसलं. गेल्या वर्षी बोर्ड बदलताना अर्थिंगची हिरवी वायर जोडायचीच राहिली होती. ती आत नुसती लोंबत होती.

काकांनी समजावलं. आजकालच्या बऱ्याच मशीनमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी एक फिल्टर असतो. त्यातून थोडीशी वीज पत्र्यावर येते आणि अर्थिंगमधून निमूट निघून जाते. अर्थिंगच नसेल, तर ती पत्र्यावरच थांबते आणि ओल्या हाताला जाणवते. ही वीज बारीक असते. पण उद्या मशीनच्या आतली एखादी वायर सोलून पत्र्याला लागली असती, तर पूर्ण २३० व्होल्ट तिथेच थांबले असते, आईच्या हाताची वाट पाहत.

माझा आकडा बरोबरच होता. मी त्याचं नाव सांगून थांबले आणि तो तिथे का आहे, हे विचारलंच नाही.

हे लक्षात ठेवा

* मोजण्याआधी दरवेळी दोन गोष्टी पाहा : डायल कुठे आहे आणि लाल वायर कोणत्या जॅकमध्ये आहे.
* वायर बंद आहे का हे पाहण्याआधी मीटर चालू प्लगवर तपासा, मग ती वायर पाहा आणि पुन्हा चालू प्लगवर तपासा. मीटरची बॅटरी उतरलेली असेल तर आधी बदला.
* आधी काळा प्रोब न्यूट्रलला, मग लाल फेजला. काढताना आधी लाल.
* वायर जॅकमध्ये पूर्ण आत बसली पाहिजे. अर्धवट बाहेर आलेल्या पिनेला बोट लागू शकतं. इन्सुलेशन चिरलेले प्रोब फेकून द्या.
* फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थिंग हे दोन्ही आकडे २३० च्या आसपास हवेत. अर्थिंगचा आकडा मध्येच कुठेतरी लटकत असेल, तर वायरमनला बोलवा. बल्ब लावून तपासायचं काम त्यांचंच.
* ‘हात लावला की झिणझिण्या येतात’ असं घरात कुणीही म्हटलं, तर मीटर काहीही दाखवो, आधी स्विच बंद करा आणि प्लग काढा. घरात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी आहे का, तेही विचारून घ्या.

हिरवी वायर जोडून झाल्यावर मी पुन्हा पत्रा आणि नळ यांच्यामध्ये मीटर लावला. आकडा शून्याच्या जवळ आला होता. आई म्हणाली, ‘‘तुझा मीटर आज सांगतोय, माझा हात आठ दिवस सांगत होता.’’ मी गप्प बसले. त्या दिवशी कपडे मात्र मीच वाळत घातले.