दंडाचा दंड

गेल्या महिन्यांत कांहीं कामानिमित्त आम्हांस हिंजवडीस जाण्याचा योग आला. पुण्याहून तेथवरचा रस्ता सहनशीलतेचा उत्तम गुरु आहे. वाहनांची रांग इतकी संथ सरकते, कीं दुतर्फा लावलेल्या सर्व पाट्या जातांना वाचून होतात आणि परततांना पाठ होतात. मुळशी तालुक्यांतील हें गांव एके काळीं शेतकऱ्यांचें होतें. आज तेथील राजीव गांधी इन्फोटेक पार्कांत सहस्रावधि तरुणतरुणी दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीवर बसून काम करितात. अशा वस्तींत पावलोपावलीं व्यायामशाळा दिसाव्या, याचा आम्हांस आनंदच झाला. परंतु एका पाटीनें तो फार वेळ टिकूं दिला नाहीं. ‘एकवीस दिवसांत दंड सडपातळ’, असें तीवर लिहिलें होतें. पाटी कोणाची हें सांगण्यांत अर्थ नाहीं; ती एका दुकानाची नव्हे, सबंध बाजाराची आहे.

त्याच दिवशीं आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे जाणें झालें. तिचें वजन आठ-नऊ किलोंनीं उतरलें होतें. अभिनंदन करावें, तों तीच खिन्नपणें म्हणाली, ‘सर, सगळं उतरलं, दंड तेवढे उतरेनात.’ त्यासाठीं तिनें रात्रीचें जेवण सोडलें होतें, दिवसाची भाकरी अर्धी केली होती, आणि पाण्याच्या बाटलीएवढीं हलकीं वजनें घेऊन ती रोज दोनशें वेळां हात फिरवीत होती. थोड्या वेळानें पाण्याचा वीस लिटरचा जार आला. तो आंत आणण्यास तिनें रखवालदारास हांक मारली व सहज म्हणाली, ‘पूर्वी मी एकटी उचलायचे, आता जमत नाही.’ या दोन वाक्यांत कांहीं संबंध आहे, हें त्या हुशार मुलीच्या ध्यानांत आलें नव्हतें. तो संबंध दाखविण्यासाठींच हा लेखप्रपंच.

पाटीवरील वचन मुळांत खोटें आहे. दंडावरील चरबी ही दंडाच्या स्नायूची खाजगी शिदोरी नव्हे. शरीरास शक्ति लागली, म्हणजे रक्तांतील संप्रेरकांच्या हुकुमानें सर्व शरीरांतील चरबीच्या पेशी आपला सांठा थोडथोडा रक्तांत सोडतात, आणि राबणारा स्नायू तो रक्तांतून उचलतो. कोणत्या जागेचा सांठा आधीं आटावा, हें आनुवंशिकता व संप्रेरकें ठरवितात. हात फिरविणाऱ्याची इच्छा ठरवीत नाहीं. १९७१ सालीं कॅलिफोर्नियांतील ग्विनप व त्यांचे सहकारी यांनीं टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले. वर्षानुवर्षें रॅकेट चालविणाऱ्या हाताचा घेर दुसऱ्याहून मोठा भरला. पण कातडीखालील चरबीची जाडी दोहोंकडे सारखीच निघाली. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकन प्रयोगांत शंभरावर स्त्रीपुरुषांनीं बारा आठवडे एकाच हाताचा व्यायाम केला. चुंबकीय यंत्रानें आंतील चित्रें घेतलीं, तेव्हां व्यायामाच्या दंडावरील चरबी दुसऱ्याहून अधिक घटल्याचें दिसलें नाहीं. वर्षानुवर्षांच्या टेनिसनें जें साधलें नाहीं, तें एकवीस दिवसांत साधून देणाऱ्यास आम्ही गुरु म्हणावें कीं जादूगार?

पण खोट्या वचनाहून त्यामागील उपदेश अधिक घातक आहे. दंडाचा निम्म्याहून अधिक स्नायू मागील बाजूस असतो. उपास करून वजन उतरविलें, तर चरबीबरोबर हा स्नायूही झिजतो. आंतला आधार गेला, कीं वरची कातडी अधिकच लोंबते, आणि ती पाहून बिचारी मुलगी उरलेली अर्धी भाकरीही सोडते! वास्तविक दंड घट्ट दिसतो तो स्नायू भरल्यानें. त्यास पुरेसें जड वजन हवें, डाळी, दूध, अंडीं असा सकस आहार हवा, आणि आठवड्यांचा नव्हे, महिन्यांचा धीर हवा. ज्या सूर्यनमस्कारांच्या प्रसारासाठीं औंध संस्थानचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि आयुष्यभर झटले, त्यांत शरीराचा बराचसा भार दोन्ही हातांवर येतो. त्याला ना पाटी लागते, ना वर्गणी. फार वजन उतरल्यावर कांहींची कातडी सैल राहते, हेंही खरें. ती शस्त्रक्रियेनें काढतां येते. पण दंडाच्या आंतल्या बाजूस लांब व्रण राहतो. हें सर्व पाटीवर मावत नाहीं, कीं मावूं देत नाहींत?

पुणेकरांस तर स्नायू घालविणें मुळींच परवडणारें नाहीं. येथील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें, निर्देशांक २२.३, परंतु युडकिन यांच्या अंगांत चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या अंगांत २१.२! बारीक दिसणाऱ्या हिंदी देहांत स्नायू थोडा व चरबी अधिक, आणि त्यामागोमाग मधुमेह, हें याज्ञिकांच्या संशोधनाचें सार आहे. अशा देहास दिवसभर खुर्चीवर बसवावें आणि वर ‘दंड बारीक कर’ म्हणावें, ही कोणती आरोग्यसेवा?

दंड मोजण्याची आणखी एक रीत आपल्याच राज्यांत आहे. अंगणवाडींत सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाभोंवतीं फीत गुंडाळतात. घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, तर तें मूल तीव्र कुपोषित ठरतें. बारीक दंड म्हणजे उपासमार, हें जें अंगणवाडीच्या ताईंस ठाऊक, तें पदवीधरांनीं पैसे मोजून विसरावें, याहून मोठी विटंबना ती कोणती?

कोणी म्हणेल, स्त्रियांच्या बाहूंची उठाठेव एका प्राध्यापकानें कां करावी? आक्षेप रास्त आहे, आणि गुन्हेगारांत आम्हीही आहों. ‘बाहुलता’ या समासाचा विग्रह आम्ही तीस वर्षें वर्गांत करीत आलों. वेल वाऱ्यानें वांकते आणि तिला आधार लागतो, हें सांगण्याचें मात्र आम्हांस कधीं सुचलें नाहीं. कोणीं कसें दिसावें हा ज्याचा त्याचा प्रश्न; पण असत्य विकलें जाणें हा सर्वांचा प्रश्न आहे. याच पुण्यांत १९२४ सालीं महाराष्ट्रीय मंडळ निघालें, तें दंड भरण्यासाठीं. शंभर वर्षांनीं त्याच शहराच्या वेशीवर दंड आटविण्याचें दुकान जोरांत चालावें, आणि त्यासाठीं घरच्या लेकीबाळींनीं जेवणाचा दंड भरावा, हें आम्हांस सोसवत नाहीं.

निघतांना आम्ही त्या मुलीस एवढेंच म्हटलें, ‘मोजायची फीत ठेवून दे आणि रात्रीं पोटभर जेव. हा जार ज्या दिवशीं पुन्हां तुला एकटीला उचलतां येईल, त्या दिवशीं तुझे दंड नीट झाले असें समज.’