हद्दीबाहेरचे वादळ

सोमवारी, २६ मे २०२५ रोजी, मोसमी वारे मुंबईत पोहोचल्याचे हवामान विभागाने जाहीर केले आणि १९५० पासूनच्या नोंदींतील २९ मे ही तोवरची सर्वांत लवकरची तारीख मागे पडली. त्याच दिवशी दिल्लीत ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ या नव्या अंदाजप्रणालीचे लोकार्पण झाले आणि त्याच दिवशी मुंबईतील आचार्य अत्रे चौक हे कोरे करकरीत भुयारी मेट्रो स्थानक पाण्याने भरले. पुण्याच्या पाषाणमधील हवामान संशोधन संस्थेत सिद्ध झालेली ही प्रणाली वातावरणाचे गणित बारा किलोमीटरऐवजी सहा किलोमीटरच्या चौकटींत मांडते आणि त्यामुळे पंचायत पातळीवर अंदाज देता येईल, असे सांगण्यात आले. प्रणाली मोलाची आहे, आणि ती घडवणाऱ्या शास्त्रज्ञांशी या स्तंभाचे काहीही भांडण नाही. भांडण आहे ते तिच्या स्वागताच्या भाषणांतून सूचित होणाऱ्या या समजुतीशी, की आजवर जी माणसे गेली ती अंदाज पुरेसा बारीक नसल्यामुळे गेली.

वळवाचे वादळ ज्या ढगातून येते तो उभा वाढणारा ढग, म्हणजे क्युम्युलोनिम्बस, बुडाशी पाच-दहा किलोमीटर रुंद असतो, बारा-पंधरा किलोमीटर उंच चढतो आणि बहुधा तासाभरात आपले आयुष्य संपवतो. गणिती प्रारूपाला एखादी घडामोड नीट पकडायची तर तिच्या रुंदीत चार-सहा चौकटी तरी बसाव्या लागतात, त्यामुळे सहा किलोमीटरच्या जाळ्यातूनही असा एकटा ढग सहज निसटतो. त्याला गाठायचे साधन वेगळे आहे, ते म्हणजे दर काही मिनिटांनी आकाश धुंडाळणारे डॉप्लर रडार आणि त्यावरून पुढच्या तीन तासांपुरता दिला जाणारा तात्कालिक इशारा, ज्याला हवामान विभाग ‘नाऊकास्ट’ म्हणतो. हा इशारा बहुतेक वेळा जिल्ह्याच्या नावाने निघतो. अहिल्यानगर जिल्ह्याला पिवळा इशारा, असे म्हटले की कळसूबाईच्या अकोले तालुक्यापासून पार जामखेडपर्यंतचे सुमारे सतरा हजार चौरस किलोमीटर एकाच रंगात रंगतात, आणि गारपीट होते ती मात्र चार गावांच्या पट्ट्यात. आकाशाचा नकाशा महसूल खात्याने आखला असावा, हा संशय या स्तंभात वारंवार व्यक्त झाला आहे. त्याला पुरावा फारसा नाही, पण जिल्हाधिकारी जिल्ह्याला एक असतो म्हणून ढगानेही जिल्हाभर एकसारखे वागावे, अशी अपेक्षा कागदोपत्री तरी दिसते.

या संदर्भात दोन वादळे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. पहिले ३ जून २०२० चे ‘निसर्ग’ चक्रीवादळ. अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्यापासून ते अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडेपर्यंत त्याच्या प्रत्येक हालचालीचे पत्रक निघत होते, त्याला नाव होते, धडकण्याची वेळ ठरलेली होती, आणि करोनाच्या ऐन भरात वांद्रे-कुर्ला संकुलातील तात्पुरत्या रुग्णालयातून रुग्ण हलवण्यापर्यंतची तजवीज शासनाने केली. किनाऱ्यावर वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन-मुरुडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, गावे कित्येक दिवस अंधारात राहिली, पण राज्यातील मृतांची संख्या दहाच्या आत राहिली. दुसरे १३ मे २०२४ च्या दुपारचे घाटकोपरचे वादळ, ज्याला नाव नव्हते. ढगातून कोसळणारा पाऊस वाटेतल्या कोरड्या हवेत अंशतः विरतो, त्यामुळे ती हवा थंड व जड होऊन खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. तिच्या पुढच्या कडेला, पावसाच्या थेंबाआधी, धूळ उठते. त्या दुपारी मुंबईवर आलेली मातकट भिंत अशीच होती. त्या धुळीतून आणि पावसातून आडोसा म्हणून लोक छेडानगरच्या पेट्रोल पंपाच्या छताखाली थांबले आणि शेजारचा जाहिरातफलक त्या छतावर कोसळला. खाली इंधनाच्या टाक्या असल्याने बचावकार्यात ठिणगी उडवणारी कापणी यंत्रे वापरणे धोक्याचे ठरले, आणि सतरा जणांचा बळी गेला.

आता आकडे पाहावेत. फलक सुमारे १२० बाय १२० फुटांचा होता, म्हणजे महापालिकेच्या ४० बाय ४० फुटांच्या मर्यादेच्या नऊपट क्षेत्रफळाचा. व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या तज्ज्ञांनी केलेल्या तपासणीनुसार त्याचा पाया ताशी ४९ किलोमीटरपर्यंतचाच वारा पेलू शकत होता, तेथे तो १५८ किलोमीटरचा वारा पेलेल असा हवा होता, आणि त्या दिवशी वारा होता ८७ किलोमीटरचा. याचा अर्थ असा, की ‘निसर्ग’पेक्षा बऱ्याच कमी वेगाच्या वाऱ्याने त्याच्यापेक्षा अधिक माणसे घेतली, आणि फलकाच्या दृष्टीने तर ते वादळ असाधारण नव्हतेच, वळवाच्या कुठल्याही जोरकस झोताने तो पडला असता. सहा किलोमीटरची चौकट सहाशे मीटरची झाली असती तरी त्या पायाची खोली एक वीतभरही वाढली नसती. पुढे जो वाद रंगला तो हद्दीचा होता: जमीन लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील, म्हणून महापालिकेच्या परवानगीची गरज नाही असे एकीकडे, आणि परवानगीच घेतलेली नाही असे दुसरीकडे. वाऱ्याने मात्र छेडानगरात शिरताना जमिनीचा सातबारा मागितला नव्हता.

चक्रीवादळ तीन-चार दिवस आधी दिसते, त्यामुळे त्याच्याविरुद्धचे काम त्या तीन-चार दिवसांत करता येते, आणि शासनाला असे काम जमते. नियंत्रण कक्ष उघडतो, मंत्री आढावा घेतात, छायाचित्रे निघतात. वळवाच्या वादळाची पूर्वसूचना अर्ध्या-पाऊण तासाची, आणि तेवढ्यात फार तर पंप रिकामा करता येतो, शाळेच्या मैदानातील मुले वर्गात नेता येतात, शेतातील माणसे झाडाखालून हलवता येतात. तेही करायचे तर शिट्टी कोणी वाजवायची हे आधीच ठरलेले असावे लागते. विजेच्या सूचनेसाठी पाषाणच्याच संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटरमधील विजा दाखवते. पण भुईमूग उपटणाऱ्या बाईचा फोन बांधावरच्या पिशवीत असतो, बहुधा घरातल्या एकाच माणसाकडे असतो, आणि गावच्या भोंग्याचा या ॲपशी काही संबंध नसतो. देशात २०२२ साली वीज पडून २,८८७ जण मरण पावल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात आहे. या मृत्यूंची दखल सहसा एकेक-दोनदोनच्या बातम्यांत, आतल्या पानावर घेतली जाते, आणि नंतर पंचनामा होतो. पंचनामा ही आपल्या आपत्ती व्यवस्थापनातील सर्वांत तत्पर शाखा आहे, हे येथे यापूर्वीही म्हटले गेले आहे.

उरलेले सगळे काम हिवाळ्यातले आहे: पाये तपासणे, वाळल्या फांद्या छाटणे, पत्रे बांधणे, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक वाऱ्याच्या स्वाधीन होण्याआधी उतरवणे. हवामान बदलाचे नाव घेऊन २०२५ च्या मे महिन्याला अभूतपूर्व म्हणता येईल, आणि कुलाब्याला १९१८ चा मे महिन्यातील २७९.४ मिलिमीटरचा विक्रम मोडला गेल्याने ते चूकही नाही; परंतु त्याच १९१८ च्या नोंदीवरून हेही दिसते, की मे महिन्यात मुंबईत बदाबदा पाऊस पडू शकतो ही बातमी शंभर वर्षे जुनी आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबरात मोसमी वारे परततात, दुपारी ऊन आणि संध्याकाळी गडगडाट असा तो ऋतू असतो, आणि त्यात पुन्हा हेच उभे ढग येतात. रेल्वेच्या, बंदराच्या आणि राज्य शासनाच्या जमिनींवर उभ्या असलेल्या फलकांचे पाये तोवर कोणी तपासायचे, याचा निर्णय संबंधित खात्यांच्या एका बैठकीत होण्यासारखा आहे, आणि मे अखेरीपासून त्यासाठी चार महिने हाताशी असतात.