औषध त्याचं, उपास तिचे

मंडळी, आजचा विषय जरा नाजूक आहे. भाच्याला विचारूनच लिहिते आहे. "लिही मावशी, फक्त नाव घालू नकोस," म्हणाला.

लग्नाला पाच वर्षं झाली. त्यातली तीन सूनबाईच्या तपासण्यांत गेली. सोनोग्राफी, रक्त, नळ्यांचा एक्स-रे, शिवाय दर संकष्टीला उपास धरून टिटवाळ्याची वारी. भाच्याची वीर्यतपासणी सगळ्यांत सोपी, ती सगळ्यांत शेवटी झाली. शुक्रजंतू कमी निघाले. डॉक्टरांनी लेट्रोझोल लिहून दिलं. अक्कानं मोबाईलवर नाव शोधलं, तर स्तनाच्या कर्करोगावरचं औषध! घरात रडारड, गोळ्या कचऱ्यात.

मी डोंबिवलीत जन्मभर मराठी शिकवलं, विज्ञान नव्हे. म्हणून भाच्याबरोबर डॉक्टरांकडेच गेले. पुरुषाच्या शरीरातही इस्ट्रोजेन असतं, ते टेस्टोस्टेरॉनपासूनच तयार होतं, आणि बरंचसं चरबीत. ते वाढलं की मेंदूला वाटतं, आता पुरे. मग अंडकोषांना कामाला लावणारे हार्मोन तो कमी सोडतो. ही गोळी ते रूपांतर अडवते. सरसकट सगळ्यांना उपयोग होत नाही, रक्त तपासून ठरवतात. उलट जिममधली पोरं टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात, त्यांचे शुक्रजंतू घटतात, हे ऐकून मी चाटच पडले.

धास्ती अगदीच निराधार नाही म्हणा. बायकांच्या वंध्यत्वासाठी हे औषध द्यायला आपल्याकडे २०११ मध्ये बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. पुरुषांना देतात तेही डॉक्टरांच्या जबाबदारीवर. तेव्हा शंका जरूर विचाराव्यात, पण डॉक्टरांना. मोबाईलला नव्हे.

मला खुपलं ते वेगळंच. तीन वर्षं सुनेनं औषधं घेतली, तेव्हा एकाही गोळीचं नाव कुणी शोधलं नाही. आपल्या भाषेत बाईसाठी 'वांझ' आहे, 'वांझोटी' आहे. पुरुषासाठी? 'नपुंसक' म्हणतात, तो तर साफ चुकीचा शब्द. दशरथानंही यज्ञ केला, पण पायस प्यायलं राण्यांनीच!

असो. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे पुढची तपासणी दिवाळीनंतर. अक्का, तू हे वाचशीलच. तोवर सुनेला काही विचारू नकोस.