नगरचा पाऊस, महासागराची मोजणी

ऑगस्ट अर्धा सरला की जामखेड, कर्जत, पाथर्डीच्या जिरायती पट्ट्यात एकच चौकशी सुरू होते: बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला का? जूनच्या पावसावर मूग, उडीद, बाजरी पेरून झालेली असते. जुलै-ऑगस्टात पावसाने ओढ दिलेली असते. आता भिस्त सप्टेंबरवर. उत्तरा आणि हस्त बरसले तर जमिनीत ओल धरते आणि रब्बीची ज्वारी पदरात पडते. ही नक्षत्रे कोरडी गेली तर चाऱ्याची आणि टँकरची चिंता दिवाळीआधीच दारात येते. पर्जन्यछायेतल्या या तालुक्यांत वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. त्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर घाटघर-रतनवाडीला मात्र चार-पाच हजार मिलिमीटरही पडतो.

दोन्हीकडचे पाणी एकाच ठिकाणाहून येते, समुद्रातून. अहिल्यानगर, म्हणजेच नगर, जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, बंदर नाही, सागरी मच्छीमारांची वस्ती नाही. त्यामुळे इथल्या पाण्याच्या राजकारणात भंडारदऱ्याचे आवर्तन येते, मुळा धरणाची पातळी येते, जायकवाडीला किती सोडायचे याचे भांडण येते, पण समुद्र कधीच येत नाही. राज्यातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा भांड्यात पडलेल्या पाण्याच्या वाटपावर हिरिरीने बोलतो. ते पाणी भांड्यात किती आणि कधी पडणार हे सांगणारी यंत्रणा कशी चालते, तिला पैसा कोण देते, ती आज कोणत्या अवस्थेत आहे, हे प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. ते विचारायची वेळ आली आहे, कारण ही यंत्रणा अनेक देशांच्या वर्गणीवर उभी आहे आणि तिचा सर्वांत मोठा वर्गणीदार हात आखडता घेण्याची भाषा करू लागला आहे.

या सहकार्याचे मूळ दुष्काळातच आहे. 1876 ते 1878च्या भीषण दुष्काळाने दख्खन होरपळली, त्यात नगर जिल्हाही होता. भारतीय हवामान खाते त्याच्या आदल्याच वर्षी, 1875मध्ये स्थापन झाले होते. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी पाऊस का हुकला याचा शोध घेताना इतर देशांच्या वेधशाळांकडून हवेच्या दाबाच्या नोंदी मागवल्या. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडहून चार्ल्स टॉड यांनी आपल्याकडचे आकडे तपासले, तेव्हा भारतात आणि ऑस्ट्रेलियात दुष्काळाची वर्षे वारंवार जुळतात असे त्यांच्या ध्यानात आले. 1904मध्ये हवामान खात्याची सूत्रे हाती घेतलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी पुढची वीस वर्षे जगभरचे आकडे जुळवत प्रशांत महासागरावरच्या दाबाचा झोका शोधून काढला. एल निनोची, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापून आपला पाऊस बिघडवण्याची, आजची समजूत त्याच कामावर उभी आहे. दख्खनच्या उपासमारीचे कोडे सोडवायला सातासमुद्रापलीकडच्या नोंदवह्या उघडाव्या लागल्या होत्या.

स्वातंत्र्यानंतर या धाग्याला महाराष्ट्रात आणि गोव्यात संस्थांचे रूप आले. साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम निघाली आणि अनेक देशांची चाळीसहून अधिक जहाजे या समुद्रात उतरली. मोहिमेचे हवामान केंद्र 1963मध्ये मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत सुरू झाले. हवाई विद्यापीठाचे कॉलिन रॅमेज त्याचे संचालक होते आणि आकडेमोडीसाठी तिथे संगणक बसवला होता. त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात उष्णकटिबंधीय हवामानशास्त्राची संस्था उभी राहिली, तिला संयुक्त राष्ट्रांची मदत होती. मोहीम संपता संपता 1966च्या 1 जानेवारीला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली आणि पुढे गोव्यात दोना पावलाला स्थिरावली. आज पुण्याहून निघणारा हंगामी अंदाज आणि गोव्याहून निघणारी संशोधन जहाजे या परक्या मदतीच्या आणि आपल्या माणसांच्या भांडवलावर वाढलेली आहेत, ही अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

त्या माणसांत सुलोचना गाडगीळ यांचे नाव आधी घ्यायला हवे. पुण्यात जन्मलेल्या सुलोचनाबाईंनी हार्वर्डला जाऊन डॉक्टरेट केली ती अटलांटिकमधल्या गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहाच्या वळणांवर. 1971मध्ये त्या परतल्या, पुण्याच्या संस्थेत काम केले आणि मग बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. 1980मध्ये त्यांनी आणि देवराज सिक्का यांनी अमेरिकी उपग्रहांची चित्रे दिवसामागून दिवस तपासून दाखवले, की विषुववृत्ताजवळच्या हिंदी महासागरावर तयार होणारे ढगांचे पट्टे काही आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे सरकतात आणि भूभागावरच्या मंदावलेल्या पावसाला पुन्हा जोर देतात. पाथर्डीत पावसाचा खंड पडतो तेव्हा तो कधी मोडणार याचे उत्तर बव्हंशी तिथे, विषुववृत्तालगत असते. 1984मध्ये त्यांच्या गटाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट मांडली: समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण 28 अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की त्यावर मोठ्या ढगांची शक्यता झपाट्याने वाढते. म्हणजे अर्ध्या-एक अंशाच्या फरकाने चित्र पालटते. एवढा बारीक फरक पकडायचा तर समुद्रात प्रत्यक्ष थर्मामीटर हवा.

महासागराचा अभ्यास करणाऱ्या याच बाई कर्नाटकातल्या पावगड भागात भुईमूग पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यांबरोबर बसून पेरणीच्या वेळांचा विचार करत. 2025च्या जुलैमध्ये त्यांचे निधन झाले. समुद्र आणि शेताचा बांध यांना एका नजरेत पाहणारी ती दृष्टी नगरसारख्या जिल्ह्याला फार गरजेची आहे.

हिंदी महासागर मोजण्याची किंमत काय, हे दोन वर्षांची तुलना सांगते. 1997मध्ये प्रशांत महासागरात विसाव्या शतकातला एक अतितीव्र एल निनो होता. दुष्काळ पडणार अशी धास्ती होती, पण देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. 2002मध्ये एल निनो त्या मानाने सौम्य होता आणि हवामान खात्याने सर्वसाधारण पावसाचा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात जुलैचा पाऊस जवळपास निम्म्यावर आला आणि हंगामात 19 टक्के तूट आली. एकट्या प्रशांत महासागराकडे पाहून हे कोडे सुटत नव्हते. 1999मध्ये एन. एच. साजी, बी. एन. गोस्वामी, पी. एन. विनयचंद्रन आणि जपानचे तोशिओ यामागाता यांनी हिंदी महासागराचा स्वतःचा झोका दाखवून दिला होता. पश्चिमेचे पाणी तापते, पूर्वेचे निवते, आणि पुन्हा उलट. तोच हिंदी महासागर द्विध्रुव. यांतले गोस्वामी पुढे पुण्याच्या संस्थेचे संचालक झाले. 1997मध्ये हा द्विध्रुव आपल्या बाजूने झुकलेला होता. विषुववृत्तावरच्या वाऱ्यांचा असाच एक झोका सुलोचना गाडगीळ आणि सहकाऱ्यांनी 2004मध्ये मांडला. 2019 हे ताजे उदाहरण. कोरड्या जूनमध्ये नगर जिल्ह्यात चारा छावण्या चालू होत्या. त्यानंतर प्रबळ द्विध्रुवाच्या वर्षात देशाचा पाऊस सरासरीच्या 110 टक्क्यांवर गेला.

हे सारे कळते कसे? उपग्रह वरून पाण्याची फक्त वरची कातडी पाहतो. उष्णता किती खोलवर साठली आहे, क्षारता किती, प्रवाह कुठे चालला, यासाठी यंत्र पाण्यात उतरवावे लागते. आर्गो नावाच्या जागतिक कार्यक्रमात आज सुमारे चार हजार स्वयंचलित फ्लोट जगाच्या महासागरांत सोडलेले आहेत. उभ्या नळीसारखे हे यंत्र एक हजार मीटर खोलीवर वाहत राहते. दर दहा दिवसांनी ते दोन हजार मीटरपर्यंत खाली जाते, तिथून वर येताना तापमान व क्षारता टिपते आणि पृष्ठभागावर येऊन उपग्रहामार्फत आकडे पाठवते. ते आकडे साधारण दिवसाभरात कोणालाही फुकट मिळतात. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था हिंदी महासागरातल्या आर्गो माहितीचे प्रादेशिक केंद्र आहे. यंत्राची बॅटरी चार-पाच वर्षांत संपते, म्हणून दरवर्षी शेकडो नवे फ्लोट सोडावे लागतात. ते थांबले की काही वर्षांत जाळे विरळ होणार, हा सरळ हिशेब आहे.

दुसरे जाळे नांगरलेल्या बोयांचे. हिंदी महासागरातल्या या जाळ्याला रामा म्हणतात. मूळ आराखडा 46 बोयांचा होता. अमेरिकेची नोआ ही संस्था, भारताचे पृथ्वी विज्ञान मंत्रालय, जपान, इंडोनेशिया अशा अनेकांनी मिळून 2004पासून ते उभारत आणले. उत्तर हिंदी महासागरात चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचे स्वतःचे बोयेही आहेत. दर बोयाजवळ ठरावीक मुदतीत जहाज न्यावे लागते, दोर बदलावा लागतो, उपकरणे बदलावी लागतात. सोमालियाच्या चाच्यांच्या धास्तीने पश्चिमेकडचे बोये वर्षानुवर्षे रखडले. मासेमारी नौका बोयाला बांधल्याने किंवा उपकरणे काढून नेल्यानेही अनेक बोये मुके झाले.

देखभाल थांबली की काय होते, हे प्रशांत महासागराने दाखवून दिले आहे. 1982मध्ये तिथे शतकातला एक बलाढ्य एल निनो उठला आणि तो ऐन भरात येईपर्यंत शास्त्रज्ञांना कळलाच नाही. मेक्सिकोतल्या एल चिचोन ज्वालामुखीच्या धुळीने उपग्रहांचे मापन फसवले होते आणि पाण्यात पुरेशी यंत्रे नव्हती. त्या धक्क्यातून विषुववृत्तावर बोयांची रांग उभारली गेली, ती 1994मध्ये पूर्ण झाली. मग 2012मध्ये काटकसरीपोटी त्या रांगेची निगा राखणारे अमेरिकी जहाज सेवेतून काढले आणि दोन वर्षांत निम्म्याहून अधिक माहिती येणे बंद झाले. जगाने आरडाओरडा केला, तेव्हा कुठे दुरुस्ती झाली.

आज तीच भीती अधिक मोठ्या प्रमाणावर आहे. जगातले जवळपास निम्मे आर्गो फ्लोट अमेरिकेने पुरवले आहेत आणि रामाचा कणाही नोआच आहे. 2025मध्ये नोआचे शेकडो कर्मचारी कमी केले गेले आणि तिचा संशोधन विभागच गुंडाळण्याचा प्रस्ताव अमेरिकी सरकारने अर्थसंकल्पात मांडला. तिथल्या राजकारणात पुढे काहीही ठरो, जामखेडच्या ज्वारीचे भवितव्य वॉशिंग्टनच्या एका समितीच्या मतदानावर लोंबकळत ठेवणे भारताला परवडणारे नाही आणि शोभणारेही नाही. हिंदी महासागरातून सर्वांत अधिक फायदा घेणारा देश भारत आहे. त्याच्या मोजणीची सर्वांत मोठी वर्गणीही भारताचीच असायला हवी.

याला पैसा कुठून आणायचा, हा आक्षेप हमखास येतो. त्याचे उत्तर आधीच्या गुंतवणुकीच्या अनुभवात आहे. 2012मध्ये केंद्राने मान्सून मिशन सुरू केले. पुण्याच्या संस्थेने अमेरिकी हवामान केंद्राकडून महासागर आणि वातावरण एकत्र चालवणारे प्रारूप घेतले आणि आपल्या पावसासाठी ते घडवत नेले. राष्ट्रीय उपयोजित अर्थशास्त्र संशोधन परिषदेने 2020मध्ये त्याचा हिशेब मांडला: सुमारे हजार कोटींच्या गुंतवणुकीतून शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमारांना पाच वर्षांत सुमारे पन्नास हजार कोटींचा लाभ. रुपयामागे पन्नास रुपये देणारी दुसरी सरकारी योजना शोधून दाखवावी. 2024मध्ये पुण्यात ‘अर्का’ हा महासंगणकही आला. पण महासंगणक कितीही वेगवान असो, त्याला आजच्या समुद्राची खरी स्थिती मिळाली नाही तर तो चुकीच्या जागेवरून पुढचे गणित मांडतो.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. आपल्या समुद्राची माहिती परक्यांना का द्यायची? किनाऱ्यालगतच्या संवेदनशील नोंदी राखून ठेवणे समजण्यासारखे आहे. तापमान आणि क्षारतेचे आकडे दडवून मात्र कोणाचे भले होत नाही. 2021मध्ये भारताने आपल्या बोयांची आणि रामाची माहिती एकाच पोर्टलवर खुली केली, ते पाऊल योग्यच होते. 2016मध्ये गोव्याच्या ‘सिंधू साधना’ जहाजावरून भारतीय आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मिळून ऐन पावसाळ्यात बंगालचा उपसागर मोजला. नगरचा शेतकरी ज्या कमी दाबाची वाट पाहतो, तो जिथे जन्मतो त्या पाण्याचे इतके तपशील एकट्याच्या बळावर मिळाले नसते. असे भागीदार गमावण्यापेक्षा वाढवावेत.

या साखळीचा शेवटचा दुवा जिल्ह्यातच आहे आणि तोही दुबळा झाला आहे. 2024च्या मार्चमध्ये केंद्राने देशातली सुमारे दोनशे जिल्हा कृषी हवामान केंद्रे बंद केली. समुद्रातून पुण्यापर्यंत आलेली माहिती तालुक्याच्या पिकाशी जोडून सांगणारी माणसे कमी झाली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे ज्ञान आहे, पण चौदा तालुक्यांच्या एवढ्या विविध जिल्ह्याला एका ठिकाणाहून पुरे पडणे अवघड आहे. माहिती वापरणारी गावे इथे आहेत. हिवरे बाजारने पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायची आणि त्यावर पिके ठरवायची शिस्त लावली. ती शिस्त पडून गेलेल्या पावसावर चालते. दोन ते चार आठवड्यांचा भरवशाचा अंदाज तालुक्याच्या पातळीवर मिळाला, तर हाच ताळेबंद येणाऱ्या पावसाचाही मांडता येईल, दुबार पेरणीचे बियाणे वाचेल, आणि 2025च्या सप्टेंबरसारख्या अतिवृष्टीत काढणीला आलेला माल वेळेत हलवता येईल.

जिल्ह्यातून दोन खासदार दिल्लीला जातात. पाण्यावर ते बोलतात, बोललेच पाहिजे. त्यांनी पृथ्वी विज्ञान मंत्रालयाला तीन प्रश्नही विचारावेत: हिंदी महासागरातले किती बोये आज चालू आहेत, अमेरिकेने हात काढला तर त्यांची देखभाल कोणाच्या जहाजाने आणि कोणत्या तरतुदीतून होणार, आणि बंद केलेली जिल्हा कृषी हवामान केंद्रे पुन्हा कधी उघडणार. गावोगावच्या ग्रामसभांनी, सोसायट्यांनी आणि साखर कारखान्यांनी हे प्रश्न ठराव करून त्यांच्या हाती द्यावेत, येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी.