लाळेचे घरटे

मोखाड्याला समुद्र नाही. आहेत ते डोंगर, दऱ्या आणि चार महिने कोसळणारा पाऊस. तरी यंदा दिवाळीसाठी मी एका बेटाची हकीकत काढली आहे, आणि तिचे निमित्त आमच्याकडच्या जुन्या इमारतींच्या छताला चिकटलेले आहे. ते म्हणजे पाकोळीचे घरटे! संध्याकाळी कलकलाट करीत घिरट्या घालणारा हा काळा पक्षी वाचकांनी आपापल्या गावीही पाहिला असेल. त्याला तारेवर बसता येत नाही. पाय इतके आखूड, की भिंतीला लटकावे तेवढेच. काड्या, पिसे उडता उडता टिपायची आणि आपल्या लाळेने छताला डकवायची, असा त्याचा संसार.

या पाकोळीची एक करडी चुलतबहीण वेंगुर्ल्यापासून सुमारे १४ किलोमीटर आत, भर समुद्रात राहते. तेथे खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. त्याला वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. इंग्रजी नकाशांत ‘बर्न्ट आयलंड्स’, म्हणजे जळकी बेटे, असेही नाव सापडते. मी एकदा उन्हाळ्यात होडीतून त्यांच्या कडेकडेने गेलो होतो. उतरलो नाही. एका खडकावर दीपगृह आहे. त्याच्या माणसांखेरीज वस्ती म्हणाल तर पाखरांचीच. सुरय पक्षी तेथे अंडी घालतात. पक्षितज्ज्ञ हुमायूं अब्दुलअली यांनी १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात येथील सुरय आणि पाकोळ्या यांवर खास लेखच लिहिला.

लाटांनी पोखरलेल्या अंधाऱ्या गुहा हे या पाकोळीचे घर. आत डोळ्यांचा उपयोग नाही, म्हणून ती तोंडाने टक् टक् आवाज काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंत ओळखते. वटवाघळाचीच युक्ती, पण आपल्या कानांना ऐकू येणारी. घरटे म्हणजे भिंतीला चिकटवलेली अर्धी वाटी. लाळेत थोडी पिसे, थोडे शेवाळ. आत दोन अंडी.

आणि याच लाळेला बाजार आहे! चिनी लोक तिचे सूप करतात. खुद्द घरट्याला चव जवळजवळ नसतेच. जी काय लज्जत ती कोंबडीच्या रश्शाची किंवा साखरेची. आपल्या पाकोळीचे घरटे पिसांमुळे हलक्या प्रतीचे मानतात, पण चोराला तेही पुरते. वस्तीपासूनचे अंतर हे पाखरांचे संरक्षण, असे आपल्याला वाटते. येथे ते चोरांच्याच पथ्यावर पडले. गुहेत बांबूंच्या पराती बांधून खरवडणारे हात किनाऱ्यावरून कोणाला दिसणार? २००१ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ही चोरी उजेडात आणली. पुढे या पक्ष्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले, म्हणजे वाघाच्या पंगतीत पाट मिळाला.

घरटे नेले तर पाखरू पुन्हा बांधायला घेते. पण वाटी तयार व्हायला आठवडेच्या आठवडे लागतात, लाळ काही विहिरीचे पाणी नव्हे, आणि विणीचा हंगाम पावसाच्या आधीचा, मोजक्या महिन्यांचा. पिलू अंगावर पिसे नसताना घरट्यासकट खरवडले गेले, की त्याचे काय होते ते सणाच्या दिवशी लिहीत नाही. मृग लागला, की वेंगुर्ल्याच्या होड्या वाळूवर ओढल्या जातात, आणि पुढले काही महिने त्या खडकांकडे कोणीच फिरकत नाही.